दुखणे काढणे : दीर्घ आजार, मैत्र आणि मराठी कथन

मराठीत ताप येतो आणि उतरतो, गोवर निघतो, सर्दी होते; मधुमेह मात्र असतो. 'मला ताप आला' आणि 'मला मधुमेह आहे' या दोन विधानांतील भेद वैद्यकशास्त्राचा आहे तसा क्रियापदाचाही आहे. पहिले क्रियापद पाहुण्याचे आहे. दुसरे 'मला दोन बहिणी आहेत' या वाक्यातले, म्हणजे नात्याचे आहे. जो आजार पुरता बरा होणार नाही, पण ज्याने माणूस लगेच दगावणारही नाही, तो भाषेत असा घरच्या माणसासारखा येऊन बसतो. दोन्ही विधानांत एक गोष्ट मात्र समान आहे. कर्तेपण आजाराकडे आहे आणि माणूस 'मला' या रूपात, क्रिया सोसणाऱ्याच्या जागी उभा आहे. 'रुग्ण', 'रोगी', 'पीडित', 'व्याधिग्रस्त' या संस्कृत वळणाच्या संज्ञांनी ही जागा अधिकच पक्की केली आणि 'पेशंट' या शब्दाने तिच्यावर इस्पितळाचा शिक्का मारला.

बोलीने मात्र एक वेगळा शब्द जपला आहे: दुखणेकरी. शेतकरी, वारकरी, टाळकरी, पहारेकरी यांच्या ओळीत हा शब्द बसतो. शेत करणारा शेतकरी, वारी करणारा वारकरी, तसा दुखणे करणारा दुखणेकरी. ही फोड व्युत्पत्तिशास्त्राच्या काटेकोर कसोटीला कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. भाषकाच्या कानाला मात्र या शब्दात आजारी माणसाचे कर्तृत्व ऐकू येते. याच्याच शेजारी 'दुखणे काढणे' हा वाक्प्रचार ठेवून पाहावा. 'त्याने सहा महिने दुखणे काढले' असे आजाऱ्याविषयी म्हणतात आणि 'सासूचे दुखणे सुनेने काढले' असे सेवा करणाऱ्याविषयीही म्हणतात. सोसणे आणि निगा राखणे या दोन क्रियांना मराठीने एकच क्रियापद दिले आहे. 'शुश्रूषा' या तत्सम शब्दाची कथा तर आणखी बोलकी आहे. 'श्रु' या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो बनला असून त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. सेवा आणि रुग्णसेवा हे अर्थ नंतरचे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावर लिहिलेल्या निबंधात इंग्रजीजवळ डोकेदुखीसाठी आणि अंगातल्या शिरशिरीसाठी शब्दच नाहीत अशी तक्रार केली होती. ठणका, कळ, चमक, तिडीक, उसण, पेटका, कसकस, शिणवटा असे नेमके शब्द हाताशी असलेल्या मराठी लेखकाला ती करता येणार नाही. शब्दांची उणीव मराठीत नाहीच. ते कोण कोणाला ऐकवतो हा प्रश्न मराठी साहित्यविचाराने क्वचितच विचारला आहे.

आजाराची कथा सांगण्याची मराठीतील रूढ रीत दोन पात्रांची आहे. एक आजारी आणि दुसरे पत्नी, आई, डॉक्टर किंवा देव. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील सहाव्या समासात आध्यात्मिक तापाच्या निमित्ताने शरीरव्याधींची जी लांबच लांब यादी येते, ती मराठीतील आजाराच्या शब्दसंपत्तीचा मोठा ठेवा आहे. परंतु त्या यादीचा रोख वैराग्याकडे आहे. तिथला देह एकटा आहे, कारण तो एकटा असल्याशिवाय त्याला संसाराची असारता पटणार नाही. या योजनेत दुसऱ्या आजारी माणसाला जागा असणेच शक्य नव्हते. दोन दुखणेकरी एकमेकांशी बोलू लागले असते तर उपदेशाचा परिणाम उणावला असता.

आधुनिक वाङ्मयात 'एकच प्याला' या नाटकाने हा प्रश्न नकळत अधिक अवघड करून ठेवला. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये क्षयाने गेले आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. व्यसन हा आजार आहे ही आजची धारणा बाजूला ठेवली तरी सुधाकराचे पतन हे एका न सुटणाऱ्या दुखण्याच्या वळणानेच चित्रित झाले आहे. ते थांबते, पुन्हा उलटते, आणि दर उलटीला अधिक खोल जाते. या दुखण्याभोवतीची मैत्रीची मांडणी पाहण्यासारखी आहे. रामलाल हा सज्जन, शहाणा आणि निरोगी मित्र. तो उपदेश करतो, धावून येतो, परंतु दुखण्याच्या बाहेर उभा असतो. तळीराम हा दुखण्याच्या आतला मित्र, आणि तोच सुधाकराच्या हाती पहिला प्याला देतो. समदुःखी माणसांचा जो मेळा नाटकात आहे तो म्हणजे आर्यमदिरामंडळ, आणि ते प्रेक्षकांच्या हशाचा विषय आहे. दुखणे खऱ्या अर्थाने काढते ती सिंधू, एकटी, घरात, मरेपर्यंत. म्हणजे निरोगी मित्र असमर्थ, आजारी मित्र घातक आणि पत्नी हीच शुश्रूषेची एकमेव धनी, अशी ही त्रिकोणी रचना आहे. पुढच्या कितीतरी नाटक-कादंबऱ्यांनी ती विनातक्रार वापरली. आजारी माणूस दुसऱ्या आजारी माणसाचा आधार होऊ शकेल ही शक्यता या रचनेत उपहासाखाली गाडली गेली.

पुणे शहरात गेल्या चार दशकांत जे घडले त्याचे वाङ्मयीन महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तिथे नव्याने आलेल्यांचे समुपदेशन करतात. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी दोन मद्यपींच्या परस्परसंभाषणातून जी चळवळ जन्मली तिचा वारसा यामागे आहेच. पण मराठी वाचकाला इथे आर्यमदिरामंडळ उलटे होऊन समोर आल्याचा प्रत्यय येतो. तळीरामच आता सुधाकराला सावरतो आहे. १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. पुढे पार्किन्सन्स मित्रमंडळ उभे राहिले. या तिसऱ्या नावातील 'मित्रमंडळ' हा शब्द लक्षणीय आहे. सार्वजनिक सभेपासून (१८७०) रविकिरण मंडळापर्यंत (१९२३) आणि तिथून गल्लोगल्लीच्या गणेश मंडळांपर्यंत मंडळ हे पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचे आवडते रूप आहे; चार पुणेकर एकत्र आले की अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि एक नाराज सभासद तयार होतात. आजाराला रुग्णालयाच्या वॉर्डातून उचलून या परिचित रूपात बसवण्यात एक मोठा अर्थान्तर आहे. वॉर्डात माणूस खाटेच्या क्रमांकाने ओळखला जातो. मंडळात तो वर्गणीदार असतो, सहलीला जातो आणि सभेत हरकतही घेतो.

याच वर्तुळातून दोन नवे शब्द मराठीत रुळले: 'शुभार्थी' आणि 'शुभंकर'. रुग्णाला शुभार्थी म्हणायचे आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. 'रुग्ण' या शब्दाचा अर्थ मोडलेला, भग्न असा असल्याने त्याच्या जागी शुभाची इच्छा करणारा अशी ओळख देणे हा मोठा भाषिक दिलासा आहे, आणि तो केवळ सौम्योक्ती म्हणून सोडून देता येणार नाही. तरीही या जोडीची रचना तपासली पाहिजे. एक अर्थी, म्हणजे मागणारा. दुसरा कर, म्हणजे करणारा. 'दुखणेकरी' या शब्दाने आजाऱ्याकडे दिलेले कर्तृत्व इथे पुन्हा काढून घेऊन काळजीवाहकाकडे सोपवले गेले आहे. शिवाय ही जोडी घराच्या आतली आहे. नवरा-बायको, आई-मुलगा यांना ती नेमकी लागू पडते. परंतु मंडळात प्रत्यक्षात जे घडते ते याहून निराळे आहे. एक शुभार्थी दुसऱ्या शुभार्थ्याला सांगतो की गोळी जेवणाच्या आधी घ्यावी, कारण प्रथिनयुक्त आहाराबरोबर लेव्होडोपाचे शोषण नीट होत नाही. शर्टाची बटणे लागेनाशी झाली की काय करावे. बिछान्यात कूस कशी बदलावी. हा सांगणारा त्या क्षणी अर्थीही आहे आणि करही आहे. त्याच्यासाठी शुभार्थी-शुभंकर या जोडीत शब्द नाही. 'शुभार्थी' हा शब्द 'विद्यार्थी'च्या चालीवर ऐकला तर थोडी वाट निघते, कारण विद्यार्थी पुढे शिकवू लागतो हे सर्वांना ठाऊक असते. 'समदुःखी' हा जुना शब्द उपलब्ध आहे खरा, पण त्यात दुःखाची समानता सांगितली आहे, कामाची नाही.

कामाचा हा मुद्दा पाश्चात्त्य समाजशास्त्राने मांडला आहे. ज्युलिएट कॉर्बिन आणि अन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९८८ च्या ग्रंथात दीर्घ आजार हे न संपणारे काम आहे असे प्रतिपादन केले आणि त्याचे आजाराचे काम, रोजच्या जगण्याचे काम आणि स्वतःच्या जीवनकथेची पुन्हा जुळणी करण्याचे काम असे तीन पदर दाखवले. परंतु त्यांच्या अभ्यासाचा पाया दांपत्ये हा होता. मित्र तिथेही दाराबाहेरच राहिला. 'दुखणे काढणे' या वाक्प्रचाराला मात्र दांपत्याची अट नाही.

मित्रमंडळांच्या लेखनाचे मुख्य साधन म्हणजे स्मरणिका. समीक्षेने या प्रकाराकडे कधी वळूनही पाहिलेले नाही, आणि त्याची कारणे उघड आहेत. शुभेच्छा, जाहिराती, देणगीदारांच्या याद्या आणि मध्येच कोणाचे तरी अनुभवकथन असा हा सरमिसळ ऐवज असतो. लेखन हौशी असते, शैली शाळेतल्या निबंधाची असते, शेवटी देवाचे आणि डॉक्टरांचे आभार असतात. तरीही पार्किन्सन्ससारख्या आजारात आजाऱ्याने स्वतः लिहिणे ही घटनाच असाधारण आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे जे पहिले व्यवस्थित वर्णन केले ते सहा व्यक्तींवर आधारलेले होते आणि त्यांतील काहींना त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते, एकाला तर दुरूनच. या आजाराच्या मूळ संहितेतला आजारी माणूस असा रस्त्याने चालत जाणारा, निरीक्षणाचा विषय झालेला माणूस आहे. त्याच डॉक्टरांच्या जन्मदिवशी, ११ एप्रिलला, पाळल्या जाणाऱ्या जागतिक पार्किन्सन्स दिनाच्या सुमारास पुण्यातील दुखणेकरी आपल्या हाताने किंवा कोणाला सांगून जेव्हा लिहितात, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वी ज्याच्याकडे नुसते पाहिले गेले तो आता बोलू लागलेला असतो.

आणि हा आजार नेमका बोलण्या-लिहिण्यावरच घाला घालणारा आहे. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते. आवाज क्षीण होतो. आपण पुरेसे मोठ्याने बोलतो आहोत असे बोलणाऱ्याला वाटत असते. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्याने मुद्रा मुखवट्यासारखी निर्विकार होते. आत हसू फुटलेले असते आणि बाहेर काहीच दिसत नाही. साहित्यविचाराच्या दृष्टीने ही तिसरी गोष्ट फार मोलाची आहे. चेहरा हे आपल्या व्यवहारातील पहिले चिन्ह. त्यावरून मनाचा अर्थ लावण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की ते वाचन आहे याचा विसर पडतो. या आजारात चिन्ह आणि आशय यांची ही जोड सुटते. मग घरची माणसे जुन्या सवयीने वाचत राहतात आणि चुकतात: हा रुसला आहे, याला कशातच रस नाही, याला पाहुणे आलेले आवडले नाहीत. त्यांच्या प्रेमात उणीव असते असे नाही. त्यांना वाचनाचा नवा संकेत ठाऊक नसतो. तो संकेत ज्याला विनासायास कळतो तो दुसरा दुखणेकरी, कारण त्याचा स्वतःचा चेहराही असाच खोटे बोलत असतो. तो चेहरा सोडून देतो आणि शब्दांची, विरामांची, डोळ्यांची वाट पाहतो. मित्राचे मित्रपण इथे एका वाचनक्षमतेचे रूप घेते, आणि 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ अक्षरशः खरा होतो. मंडळाची सभा ही अशा रीतीने एक विशिष्ट वाचकवर्ग घडवणारी जागा आहे. स्मरणिका त्या वर्गासाठी लिहिली जाते, म्हणून बाहेरच्या वाचकाला ती सपाट वाटते. गोळ्यांच्या वेळा, पायरीशी थबकलेला पाय, जमिनीवरच्या फरशीची रेघ ओलांडली की पुन्हा चालू लागणारी चाल हे तपशील बाहेरच्याला रुक्ष भासतात. आतल्याला ते उत्कंठेचे असतात. नृत्यकार हृषीकेश पवार पुण्यात पार्किन्सन्सच्या दुखणेकऱ्यांना नृत्य शिकवतात, यामागेही हेच शारीर सत्य आहे. आतून न येणारी गती बाहेरच्या ठेक्याने, मोजलेल्या मात्रेने आणि शेजाऱ्याच्या पावलाने येऊ शकते.

या लेखनाचे कथनरूप ठरवताना अडचण येते. आर्थर फ्रँक यांनी १९९५ साली आजारकथनाचे तीन प्रकार कल्पिले होते. पहिला पूर्ववत होण्याचा: आजारी पडलो, उपचार झाले, बरा झालो. दुसरा अनागोंदीचा, जिथे काही क्रमच लागत नाही. तिसरा शोधयात्रेचा, जिथे आजारी माणूस नायकासारखा दूर जातो आणि काही मिळवून परततो. दीर्घ आजाराला पहिला प्रकार नाकारलेला आहे. दुसऱ्यात कथनच अशक्य होते. तिसरा फ्रँक यांना प्रिय आहे, पण त्यातला नायक एकटा आहे आणि त्याला परतायचे आहे. मित्रमंडळाच्या लेखनात ना नायक असतो ना परतणे. तिथे असते ती आवृत्ती: दर महिन्याची सभा, दर वर्षाची स्मरणिका, तेच प्रश्न, नवी माणसे, एखाद्या जुन्या माणसाची रिकामी खुर्ची. मराठी परंपरेत या आवृत्तीला एक नाव आहे, वारी. वारकरी एकदा पोचला म्हणून सुटत नाही. त्याला पुढच्या आषाढीला पुन्हा निघायचे असते. हातपाय नसलेल्या कूर्मदासाची पंढरीला निघाल्याची कथा याच परंपरेने जतन केली आहे. दिंडीत चालण्याचा वेगही एकट्याचा नसतो.

इथे सावध राहणे आवश्यक आहे. सुसान सॉन्टॅग यांनी १९७८ मध्ये आजाराभोवतीच्या रूपकांविरुद्ध जो इशारा दिला तो वारीच्या रूपकालाही लागू पडतो. लढाईचे रूपक आजाऱ्यावर शौर्याची सक्ती करते. वारीचे रूपक प्रसन्नतेची सक्ती करू शकते. वारकऱ्याने आनंदाने चालायचे असते. न झोपलेल्या रात्रीनंतर दुखणेकऱ्याला तसा आनंद दाखवता आला नाही तर तो दिंडीतून बाहेर पडल्यासारखा ठरेल काय? म्हणून वारीची उपमा घ्यायची ती तिच्या आवृत्तीपुरती आणि सोबतीपुरती, तिच्या आनंदापुरती नव्हे.

स्मरणिकेच्या मर्यादेतून बाहेर पडून ग्रंथरूपाने हा विषय हाताळणाऱ्या मराठी लेखनात पद्मजा फाटक यांचे 'हसरी किडनी' महत्त्वाचे ठरते. मूत्रपिंड निकामी होणे आणि त्याचे आरोपण हा या पुस्तकाचा विषय; परंतु शीर्षकाचा उत्तरार्ध 'अठरा अक्षौहिणी' असा आहे आणि खरा विचार तिथे सुरू होतो. आजारकथनाच्या मुखपृष्ठावर साधारणपणे आजारी माणूस किंवा आजार असतो. इथे तिथेच सैन्याची मोजदाद केली आहे. युद्धाचे रूपक आले म्हणून सॉन्टॅग यांचा आक्षेप लगेच उभा राहील. मात्र अठरा ही संख्या त्याला हळूच बगल देते. कौरवांच्या अकरा आणि पांडवांच्या सात मिळून अठरा अक्षौहिणी होतात. केवळ आपल्या बाजूचे सैन्य मोजायचे असते तर सातावर थांबता आले असते. अठरा म्हणताना दोन्ही दळे एकाच कुरुक्षेत्रावर, म्हणजे एकाच देहात धरली गेली आहेत. रोग आणि औषध, मदत आणि मदतीचा जाच, हे सारे त्यात येते. आरोपित मूत्रपिंडाच्या बाबतीत हे रूपक वैद्यकीय दृष्ट्याही अचूक आहे, कारण परके इंद्रिय देहाने नाकारू नये म्हणून आपलीच प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते, तीही आयुष्यभर. शत्रू कोण आणि मित्र कोण हा प्रश्न तिथे शेवटपर्यंत सुटत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून कथा संपत नाही. एक दीर्घ आजार जाऊन त्याच्या जागी दुसरा, अधिक सुसह्य दीर्घ आजार येतो इतकेच. 'हसरी' हे विशेषण किडनीला लावून, स्वतःला न लावून, लेखिकेने प्रसन्नतेची सक्तीही चतुराईने टाळली आहे.

व्यक्तीकडून वर्तुळाकडे होणारी ही सरक चित्रपटमाध्यमात आणखी स्पष्ट दिसते, आणि तीही पुण्याच्याच सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या कामात. 'देवराई' (२००४) हा स्किझोफ्रेनियावरील चित्रपट वाणी यांच्या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाला. त्यातील शेषची कथा ही अखेर त्याच्या बहिणीची, सीनाची, कथा आहे. भावाचे दुखणे ती काढते, आपला संसार सांभाळून, अपराधभावाने आणि थकव्याने. शुभार्थी-शुभंकर ही जोडी इथे पूर्ण ताकदीने उभी आहे. बारा वर्षांनंतरच्या 'कासव' (२०१६) या सुवर्णकमळ मिळालेल्या चित्रपटात ही मांडणी पालटली आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण जानकी या अनोळखी स्त्रीच्या घरी येऊन राहतो. ती त्याची कोणी नाही. ती स्वतः मनाच्या आजारातून गेलेली आहे, अजून पुरती बाहेर आलेली नाही. म्हणूनच ती त्याला प्रश्न विचारत नाही. निरोगी माणसाची सहानुभूती प्रश्न विचारते: काय झाले, का झाले, आता कसे वाटते. जानकीला ठाऊक आहे की उत्तर देण्याइतकी शक्ती या घडीला त्याच्यापाशी नाही. चित्रपटाची संथ गती, त्यातील रिकाम्या जागा, किनाऱ्यावरच्या कासवांच्या अंड्यांची दुरून राखली जाणारी निगा हे सारे या न विचारण्यातून उगवले आहे. रामलाल आणि तळीराम यांच्या मधली जी जागा 'एकच प्याला'त रिकामी होती, ती इथे भरलेली दिसते. मित्र दुखण्याच्या आतला आहे आणि घातक नाही. 'देवराई'ची भावनिक पकड अधिक घट्ट असेल. पण कथनाच्या नव्या शक्यतेच्या दृष्टीने 'कासव' हे पुढचे पाऊल आहे, आणि त्याची चर्चा नैराश्यावरचा संदेशपट एवढ्यावरच थांबावी हे समीक्षेला भूषणावह नाही.

प्रश्न उरतो तो या वर्तुळाच्या परिघाचा. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' अशी दोन सर्वनामे आहेत. पहिले ऐकणाऱ्याला वगळते, दुसरे सामावून घेते. स्मरणिकेतील दुखणेकरी 'आम्हा पार्किन्सन्सवाल्यांना' असे म्हणतो तेव्हा निरोगी वाचक बाहेर राहतो. 'आपल्याला हा आजार झाला की' असे म्हणतो तेव्हा समोरचा दुखणेकरी आत येतो. ही ये-जा या लेखनाचा प्राण आहे. मात्र या 'आपण'मध्ये येण्यासाठी काही गोष्टी आधी जमून याव्या लागतात: आजाराचे वेळेवर झालेले निदान, औषधांचा महिन्याचा खर्च, सभेच्या जागी पोचवणारे वाहन, स्मरणिका वाचता येईल इतके शिक्षण. ज्या वस्तीत दुखण्याला नाव मिळण्याआधीच माणूस कामावरून काढला जातो, तिथे दीर्घ आजार हा दीर्घ ठरण्याइतका वेळही कित्येकदा मिळत नाही. स्त्रियांचा प्रश्न वेगळाच. शुभंकर हा शब्द व्याकरणाने पुल्लिंगी. व्यवहारात तो बहुतांशी पत्नीला, सुनेला, लेकीला लागू होतो. सिंधूला हा शब्द मिळाला असता तर तिचे काम हलके झाले असते की तेच काम अधिक शोभिवंत झाले असते, हे विचारणे कठोर वाटले तरी टाळता येणार नाही.

याहूनही बाहेर उभी आहे ती ब्यूरोतून येणारी मावशी किंवा मामा. शहरातील मध्यमवर्गीय घरांत आजोबांना उठवणे, आंघोळ घालणे, रात्री कूस बदलून देणे ही कामे आता मोठ्या प्रमाणावर याच माणसांच्या हातून होतात. बारा तासांची पाळी, एका घरातले दुखणे संपले की दुसऱ्या घरी, आणि स्वतःची कंबर, स्वतःचा मधुमेह बरोबर घेऊन. ती शुभार्थी नाही आणि पगार घेते म्हणून शुभंकरही नाही. मंडळाच्या सभेला ती येते, पण चाकाची खुर्ची ढकलत, आणि चहाच्या वेळी मागच्या बाकावर बसते. तिच्याच पाळीतली दुसरी मावशी तिला बसथांब्यावर भेटते तेव्हा कोणत्या घरातल्या आजींना उचलताना पाठीला काय होते, त्यावर कोणते तेल, कोणती गोळी, कोणत्या घरात दुपारी पाठ टेकू देतात, असे त्यांचे बोलणे चालते. 'त्या घरचं दुखणं मी दोन वर्षं काढलं' हे वाक्य ती अगदी सहज बोलते, आणि त्यात तिने सोसलेले आणि तिने केलेले असे दोन्ही अर्थ एकाच वेळी असतात. ते वाक्य अजून कोणत्याही स्मरणिकेत तिच्या नावाने छापलेले दिसत नाही.